शंकेची नव्हे, दुधाची पाल

‘ने’ म्हणजे मराठीत ‘घेऊन जा’, ग्रीकमध्ये ‘होय’ आणि सर्बियनमध्ये ‘नाही’, हे एकाच उच्चाराच्या शब्दांचे वेगवेगळ्या भाषांतील निरनिराळे अर्थ सांगणाऱ्या लेखातील उदाहरण वाचून आमच्या गडचिरोली जिल्ह्यातला ‘पाल’ हा शब्द आठवला. प्राणहिता ओलांडली की तेलंगणा लागतो, त्यामुळे सिरोंच्याकडे मराठीबरोबर तेलुगू व गोंडीही सहज कानी पडतात. तिथल्या एका घरी म्हातारबाईंनी आत पाहून ‘पालु’ म्हटले, तेव्हा मी चपापून भिंतीकडे पाहू लागलो. आले मात्र दूध! तेलुगूत ‘पालु’, तर गोंडी, तमिळ व मल्याळममध्ये ‘पाल’ म्हणजे दूध; कन्नडात आरंभीच्या ‘प’चा ‘ह’ झाल्याने त्याचे ‘हालु’ झाले. शिवाय तेलुगूत ‘पालु’चा दुसरा अर्थ वाटा. हिंदीत पाल म्हणजे शीड आणि हंगेरीत ते चक्क माणसाचे नाव, आपल्याकडच्या पॉलसारखे. आपल्या मराठीत भिंतीवरची ‘ती’ पाल आणि भटक्यांचे ‘ते’ पाल केवळ लिंगभेदाने वेगळे ओळखू येतात, याकडे लेखात थोडे लक्ष द्यायला हवे होते. ‘गोपाल’मधला रक्षण करणारा संस्कृत ‘पाल’ निराळाच, जरी गाईमुळे दुधाशी नाते जोडण्याचा मोह होत असला तरी.