समावेशन कसे उरकावे

जूनचा दुसरा आठवडा असतो. पाऊस नक्की व्हायचा असतो, पट मात्र नक्की करायची घाई असते. अशा वेळी एक आई दारात येऊन उभी राहते. बोटाला पोर. पोराच्या कानाला मशीन, नाहीतर पायाला कॅलिपर, नाहीतर डोळ्यांवर बाटलीच्या बुडाएवढ्या जाड काचा. तुम्ही नव्याने लागलेले गुरुजी असाल तर पोटात गोळा येईल. येऊ देऊ नका. मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली, आणि एकाही वर्षी समावेशित शिक्षणाच्या, म्हणजे अशा पोरांना इतरांबरोबर एकाच वर्गात शिकवण्याच्या, कामात आमची शाळा मागे राहिली नाही. कागद बघा हवं तर.

पहिलं म्हणजे, नाही म्हणायचं नाही. तो अडाणीपणा झाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात भेदभाव न करता प्रवेश द्या असं स्पष्ट लिहिलंय. शहरातल्या मोठ्या फीच्या शाळांना तो कायदा आपल्यापेक्षा चांगला पाठ असतो. त्यामुळे त्या नकार देत नाहीत, काळजी करतात. आधी खुर्ची देतात, पाणी देतात, मग म्हणतात, "आमची काहीच हरकत नाही हो, पण आमच्याकडे तशा सोयी नाहीत. तुमच्याच मुलाचं नुकसान होईल." आई पाणी पिऊन निघून जाते. आपल्याला एवढं नाटक परवडत नाही, कारण आपल्याला पट हवा. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, त्या पोराचंही डोकं एकच धरतात. पट एकोणीस असेल आणि शाळा टिकते की जाते अशी हवा असेल, तर त्या विसाव्या पोराइतकं सुदृढ बालक अख्ख्या तालुक्यात नसतं. हार घालून आत घ्या.

दुसरं, शब्द सांभाळा. मी नोकरीला लागलो तेव्हा सर्रास 'अपंग' म्हणायचे. नंतर 'विशेष गरजा असणारी बालके' आली, त्यानंतर 'दिव्यांग'. प्रत्येक वेळी आम्ही जुन्या फायलींवरचे लेबल बदलले, आणि ते काम आम्ही मुदतीत केलं हे नम्रपणे नमूद करतो. केंद्रप्रमुख विचारतात, "तुमच्याकडे सीडब्ल्यूएसएन किती?" म्हणजे तीच विशेष गरजा असणारी बालके, इंग्रजी आद्याक्षरांत. आपण म्हणायचं, "तीन." मैदानावर पोरं त्यातल्या एकाला अजून 'बहिऱ्या' म्हणूनच हाक मारतात, पण ते रेकॉर्डला येत नाही. शिवाय त्याला ती हाक ऐकू येत नाही, असं आमचे एक सहकारी म्हणायचे. यायची. मशीन असलं की येते.

मग ऑनलाइन माहिती. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते, जीव सुटसुटीत होता. २०१६ ला एकवीस झाले. यादी उघडली की थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, सगळं बाहेर येतं. घाबरू नका, एवढं वाचायची गरज नाही. जे पोर वाचताना 'ब'चा 'व' करतं, पाढा तोंडी घडाघडा म्हणतं आणि पाटीवर चुकतं, त्याच्यासाठी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं निदान आहे: डोकं आहे, पण मेहनत नाही. सिकलसेलचं पोर बघायला धडधाकट दिसतं. थंडी पडली की त्याचे हातपाय असे ठणकतात की चार-चार दिवस अंथरुणातून उठत नाही. त्याला दांडीबहाद्दर म्हणा आणि पाचव्या दिवशी ओणवं उभं करा. स्वमग्न पोर पंख्याकडे बघत बसलं तर पंखा बंद करा. वीज असतेच कुठे म्हणा.

दिव्यांगत्वाचा दाखला नसेल तर पालकांना सिव्हिलला पाठवा. एकदा पाठवून भागत नाही. पहिल्या खेपेला डॉक्टर रजेवर असतात, दुसऱ्या खेपेला आधार कार्डावरचं नाव जुळत नाही, तिसऱ्या खेपेला वार चुकतो. प्रत्येक खेपेला आईची एक दिवसाची मजुरी बुडते. पण मोफत शिक्षणाचा हक्क हवा तर एवढं करायलाच हवं, नाही का? आपल्या खात्यात टक्क्यांच्या दोनच आकड्यांना मान आहे. पोर पास व्हायला ३५ लागतात आणि दिव्यांग म्हणून धरायला ४०. एका पोराचे ३८ आले होते. बाप मला म्हणाला, "गुरुजी, दोन टक्क्यांनी नापास झालं पोरगं."

आता साहित्य. शिबिरात मोजमाप होतं, मग काही महिन्यांनी खोकी येतात. श्रवणयंत्र, व्हीलचेअर, ब्रेलची पाटी, जाड कागदाचे गठ्ठे. वाटपाचा कार्यक्रम घ्या, पाहुण्यांच्या हस्ते द्या, फोटो काढा, आणि पाहुण्यांची गाडी वळली की सगळं परत घेऊन कपाटात ठेवा. कुलूप लावा. हे निर्दयपणाचं वाटेल, पण साठा नोंदवहीत वस्तू तुमच्या नावावर असते आणि पोरं वस्तू मोडतात. तपासणीला साहेब आले की कपाट उघडायचं. आमच्याकडची व्हीलचेअर अकरा वर्षांनीही कोरी करकरीत होती, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं. ज्या पोरीसाठी ती आली होती, तिची आई तिला चौथीपर्यंत काखेत घेऊन आली. पाचवीला पोरगी जड झाली. मग आम्ही तिला गृहाधारित शिक्षणात टाकलं. म्हणजे काय ते घरच्यांना विचारा.

ब्रेलच्या पाटीबद्दल एक तांत्रिक इशारा देऊन ठेवतो. ती पाटी वापरणारं पोर उजवीकडून डावीकडे लिहितं. टोचा वरून दाबतो, ठिपका खालच्या बाजूला उठतो, म्हणून लिहायचं उलटं आणि कागद पालटून वाचायचं सुलटं. मला हे ठाऊक नव्हतं. मी पहिल्याच दिवशी त्याचा हात धरून डावीकडून सुरुवात करायला लावली. पोर बिचारं गप्प राहिलं. गुरुजींना दिसतं, तेव्हा गुरुजींनाच जास्त कळत असणार.

रॅम्पचं गणित मात्र सोपं आहे. नियम एकास बाराचा. म्हणजे ओटा दोन फूट उंच असेल तर उतार चोवीस फूट लांब हवा. पण चोवीस फुटांत ध्वजस्तंभ येतो, तुळशीवृंदावन येतं, सरपंचांची जीप लावायची जागा येते. तेव्हा आठ फुटांत उरका. चाकाची खुर्ची वर जाणार नाही हे खरं, पण पोषण आहाराच्या तांदळाची पोती सुरेख वर चढतात, हेडमास्तरांची मोटारसायकल पावसाळ्यात व्हरांड्यात येते आणि पोरांना घसरगुंडी मिळते. एवढे लाभार्थी एका बांधकामाला क्वचितच मिळतात. रॅम्पच्या शेवटी वर्गाच्या दाराला चार बोटांचा उंबरा आहेच. तो काढू नका, अंदाजपत्रकात नव्हता.

दिव्यांग स्वच्छतागृहाला पाटी लावा, निळी. आत जुन्या उत्तरपत्रिका ठेवा. किल्ली शिपायाकडे द्या.

विशेष शिक्षक नावाचा एक माणूस अधूनमधून येईल. वर्षानुवर्षं कंत्राटावर असलेला, मानधन रखडलेला, गळ्यात पिशवी, फटफटीवर धुळीने माखलेला. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगून ठेवलंय की प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक आणि त्यापुढच्या वर्गांना पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा. न्यायालयाचा मान राखूनच सांगतो, आमच्याकडे येणाऱ्या सरांकडे मुलांचा आकडा विचारला की ते आधी गावांची नावं मोजायचे. त्यांना चहा द्या. ते तुम्हाला सांगतील, या पोराला पुढे बसवा, फळ्यावर अक्षर मोठं काढा, त्याला प्रश्न विचारून थोडं थांबा. तुम्ही मान हलवा. भेटवहीत सही घ्या. ते गेले की पोर परत शेवटच्या बाकावर. पुढचे बाक शिष्यवृत्तीच्या पोरांसाठी राखीव असतात, हे त्या बाहेरच्या माणसाला काय ठाऊक!

शेवटचा बाक वाईट नसतो. खिडकी असते. मी स्वतः त्याच्यावर बसून सातवी पास झालोय.

मला शिव्या घालायच्या आधी एवढं लक्षात घ्या की दोन शिक्षकी शाळेत पहिली ते चौथी एकाच खोलीत बसते. दुसरा शिक्षक मतदार याद्या घेऊन गावात असतो. मोबाइलवर दुपारी एकला 'अति तातडीचे' येतं आणि त्यात माहिती दुपारी बारापर्यंत मागितलेली असते. अशा माणसाला तुम्ही म्हणणार, प्रत्येक मुलासाठी वेगळा आराखडा कर. करतो की. एकाचा करतो आणि बाकीच्यांना नाव बदलून उतरवतो. एकदा पाय अधू असलेल्या पोराच्या आराखड्यात 'ओठांच्या हालचालींकडे लक्ष वेधावे' असं राहून गेलं. कुणी वाचलं नाही.

वर्षातला मोठा सण ३ डिसेंबर, जागतिक दिव्यांग दिन. महाराष्ट्र सरकारने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागाची घोषणाही २०२२ मध्ये हाच मुहूर्त साधून केली. तेव्हा शाळेनेही कमी पडू नये. पोरांना सकाळी आठला बोलवा. पाहुणे साडेअकराला येतात. मधल्या वेळात पोरांना पुढच्या रांगेत, उन्हात, फलक धरून बसवा. भाषणात हेलन केलर आणि स्टीफन हॉकिंग ही दोन नावं आलीच पाहिजेत. तिसरं नाव शोधू नका, श्रोते गोंधळतात. 'हे दिव्यांग नव्हेत, दिव्य आहेत' या वाक्याला टाळ्या हमखास. मग गुलाबाचं फूल आणि वही. वही दोनशे पानी रेघांची घ्या, दृष्टिहीन पोरालाही तीच. फरक केला तर तो भेदभाव होईल. एका वर्षी असं झालं की फोटो काढताना पोर कॅमेऱ्याकडे बघेना. फोटोवाला ओरडून ओरडून दमला, "बाळा, इकडे बघ, इकडे!" शेवटी मी त्याची हनुवटी धरून वळवली. फोटो छान आला. माझा हात कापून टाकला त्यातला.

परीक्षेत सवलत असते. लेखनिक मिळतो, तासाला वीस मिनिटं वाढीव मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार. ती जरूर द्यावी. नाही देऊन चालणार नाही. फक्त तीन तास संपल्याची घंटा झाली की शिपायाला एक-एक खिडकी लावायला सांगा. मग फळा पुसायचा. मग बाक ओढायचे. पर्यवेक्षकाने दारात उभं राहून किल्ल्यांचा जुडगा एका हातातून दुसऱ्या हातात करावा, घड्याळाकडे बघू नये, उसासा टाकावा. लेखनिक खालच्या इयत्तेतलं पोर असतं, ते घाबरून लिहितं. मी पाहिलेल्या केंद्रावरचा मुलगा वाढीव वेळेच्या सोळाव्या मिनिटाला म्हणाला, "झालं सर." त्याचं सातवं उत्तर अर्ध्या वाक्यावर थांबलं होतं, आणि पुढचं अर्धं त्याने आम्हाला तोंडी सांगितलं. बरोबर होतं. आम्ही गठ्ठा बांधत होतो.

महिन्याअखेर एक तक्ता येतो. त्यात शेवटचा रकाना असतो, 'दिव्यांग विद्यार्थ्यांबाबत अडचणी असल्यास'. इथे नवखे लोक घोळ घालतात. उंबरा आहे, किल्ली नाही, पुढच्या बाकावर जागा नाही, असं काहीबाही लिहून बसतात. मग तालुक्याहून फोन येतो, खुलासा मागवतात, तुमचीच चौकशी लागते. एकच शब्द शिका: निरंक. आमच्या शाळेचा रकाना एकतीस वर्षं निरंक आहे.

आता वर्गात प्रत्यक्ष शिकवायचं कसं, एवढंच राहिलं. फळ्याकडे तोंड करून शिकवा. लिहिता लिहिता बोललं की वेळ वाचतो, आणि खडूची धूळ घशात जाऊ नये म्हणून मान थोडी खाली. तिसरीला एक मुलगी होती. दोन्ही कान अधू, मशीन कपाटात. मी फळ्यावर वजाबाकी मांडत होतो, तोंडाने हातचा समजावत होतो. ती उठली, सरळ पुढे आली आणि फळा आणि मी यांच्या मधल्या वीतभर जागेत फळ्याला पाठ टेकून उभी राहिली. मान वर करून माझ्या तोंडाकडे बघायला लागली. वर्ग हसला. मी म्हणालो, जागेवर बस. तिला ते कळलं, कारण तोंड समोरच होतं. जाऊन बसली. मी फळ्याकडे वळलो. ती परत आली. दुसऱ्या दिवशी परत. तेव्हा मी दंडाला धरून नेऊन बसवली.

तिसऱ्या दिवशी ती अर्ध्या वाटेपर्यंत आली, आणि मी नुसतं वळून पाहिलं. त्यानंतर नाही आली. साधारण तीन दिवस लागतात. तेवढा धीर धरा.