४२.७ किमी दाखवलं म्हणून १ स्टार : ॲपवाल्याचं उत्तर

नमस्कार, आधी फुल मॅरेथॉन पूर्ण केल्याबद्दल अभिनंदन, १ स्टार दिलात तरी मनापासून. तुमची तक्रार थोडक्यात अशी, की आमच्या रनिंग ॲपने ४:१० चा (४ तास १० मिनिटांचा) अंदाज दाखवून आधीच खच्ची केलं, लाँग रन (आठवड्यातला सगळ्यात लांब पल्ला) गोगलगायीसारखे करायला लावले, तापात बुडालेला आठवडा भरून दिला नाही, आणि रेसच्या दिवशी ४२.१९५ च्या जागी ४२.७ किमी मोजून सब-फोर, म्हणजे चार तासांच्या आतली वेळ, घालवला. तुमचा डेटा मी उघडून बघितलेला नाही बरं का, रिव्ह्यूत जेवढं लिहिलंय तेवढ्यावरच बोलतोय.

४२.७ पासून सुरू करतो, कारण घोडं तिथेच पेंड खातंय. रेसचा रूट मोजतात तो कॅलिब्रेट केलेल्या सायकलवर, वळणावर आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटर सोडून, म्हणजे माणूस पळू शकेल अशी सगळ्यात जवळची लाइन धरून, आणि अंतर कमी भरायला नको म्हणून वर हजारामागे एक मीटर जास्तीचा टाकतात. आता आपण काय ती लाइन धरून पळतो का? पाण्याच्या टेबलाकडे तिरके जातो, घोळका दिसला की बाहेरून ओव्हरटेक करतो, वळण मोठं घेतो, त्यात उंच बिल्डिंगांमध्ये जीपीएसचा सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि आपण सरळ पळत असलो तरी मॅपवर नागमोडी रेघ उमटते. त्यामुळे जास्तीचे तीनशे-पाचशे मीटर दिसणं अगदी नॉर्मल आहे, ॲप कुठलंही असो नाहीतर मनगटावर घड्याळ असो.

तुम्हीच लिहिलंय की शेवटपर्यंत ॲव्हरेज पेस ५:४० (किलोमीटरला ५ मिनिटं ४० सेकंद) दिसत होता. ४२.१९५ किमी ५:४० ने म्हणजे ३:५९:०६. तोच ५:४० पण ४२.७ किमीवर म्हणजे ४:०१:५८. आणि तुमची ऑफिशियल वेळ ४:०२! म्हणजे मोजणी बरोबरच होती, फक्त स्क्रीनवरचा ५:४० आणि रस्त्यावरचा ५:४० एक नसतो. सब-फोर हवा असेल तर स्क्रीनवर ५:३५ धरून चालायचं, किंवा ऑटो लॅप (जीपीएसच्या अंतरावरून ॲप आपोआप दर किलोमीटरची वेळ नोंदवतं ते) बंद करून किलोमीटरच्या बोर्डपाशी स्वतः लॅप दाबायचा, रेस मोडमध्ये तो ऑप्शन आहे आणि मी स्वतः दुसरं काही वापरत नाही.

४:१० चा अंदाज कुठून आला ते पण सांगतो. तुमची हाफ मॅरेथॉन २ तासांची. पीट रीगल नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९७७ मध्ये मांडलेला फॉर्म्युला आहे, अंतर दुप्पट झालं की वेळ दुप्पट नाही, साधारण २.०८ पट होतो, म्हणून ४:१० (गंमत म्हणजे हाच माणूस रूट मोजण्याच्या कामातलाही दर्दी होता). आणि खरं सांगायचं तर ज्यांचं आठवड्याचं पळणं कमी असतं त्यांच्यासाठी हा फॉर्म्युला पण उदारच, म्हणजे खऱ्यापेक्षा कमी वेळ दाखवणारा ठरतो, ३० किमीनंतर पाय बोलायला लागतात तेव्हा कळतं. तुम्ही अंदाजापेक्षा आठ मिनिटं आधी आलात. त्यावर १ स्टार, आता काय बोलू 🙂

स्लो लाँग रनबद्दल मात्र मी अजिबात मागे हटणार नाही. तुम्ही म्हणता की सगळे पुढे निघून जात होते आणि लाज वाटत होती. वाटू दे ना! लाँग रन बोलता बोलता पळता येईल इतकाच हळू हवा, दर रविवारी रेस पेसने ३० किमी मारले तर मंगळवारचा इंटरव्हल (थोडं जोरात, थोडं हळू असा आलटून पालटून सराव) कुठल्या पायांनी करणार? हां, हार्टरेट झोन (किती ठोक्यांपर्यंत पळणं सोपं, किती पुढे जोराचं, ते टप्पे) चुकीचे वाटत असतील तर तो मुद्दा रास्त आहे, कारण डिफॉल्टला जास्तीत जास्त हार्टरेट २२० वजा वय असा धरलेला असतो आणि तो फक्त सरासरीचा हिशोब आहे, माणसागणिक दहा-बारा ठोके सहज इकडेतिकडे असतात, म्हणून सेटिंगमध्ये स्वतःचा मॅक्स टाकायची सोय ठेवलीय. आणि मनगटावरचा सेन्सर कधीकधी पावलांचा ठेकाच हार्टरेट म्हणून दाखवतो, इझी रनला अचानक १७० दिसलं तर घाबरू नका, छातीचा पट्टा लावून बघा.

तापातला आठवडा भरून दिला नाही, कारण तो भरून द्यायचाच नसतो. आजारातून उठलेल्या माणसाला चार दिवसांत दोन लाँग रन देणारं प्लॅन आम्ही मुद्दाम बनवलेलं नाही, आणि कितीही रिव्ह्यू आले तरी बनवणार नाही.

मध्येच रेकॉर्डिंग थांबलं म्हणालात, ते बहुतेक फोनच्या बॅटरी सेव्हरमुळे. आमचं ॲप त्यातून वगळा आणि लोकेशनची परमिशन एकदा बघून घ्या.

आता दुसरं ॲप शोधताय तर शोधा, राग नाही. मित्रांचे कुडोज (म्हणजे लाइक) आणि सेगमेंटवरची, म्हणजे रस्त्याच्या ठरावीक तुकड्यावर कोण जलद याची चुरस हवी असेल तर स्ट्रावा बघा, कानात कोणी बोलत राहिलं की पळायला बरं वाटत असेल तर नाइकी रन क्लबचे गायडेड रन बघा, दोन्ही आमच्यापेक्षा कितीतरी मोठे आहेत आणि त्या बाबतीत आमची त्यांच्याशी बरोबरी नाही. फक्त कुठलंही घेताना पहिल्याच आठवड्यात मुद्दाम दोन रन बुडवून बघा, प्लॅन काय करतं ते. काहीच बदललं नाही, किंवा बुडालेलं सगळं पुढच्या आठवड्यात कोंबलं, तर ते नुसतं टाइमटेबल आहे.

जुने रन इथे अडकून पडणार नाहीत. प्रोफाइल, मग डेटा, मग एक्स्पोर्ट, सगळ्या जीपीएक्स फाइल (दुसऱ्या ॲपमध्ये टाकता येणाऱ्या रनच्या नोंदी) एकत्र मिळतील. सबस्क्रिप्शन रद्द केलं तरी हे बटण चालू राहतं, घाई करू नका.