बटाटा सगळ्यात आहे

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर माणसाने आडवं व्हावं. मी लॅपटॉप उघडला. निमित्त लेकीचं. ती नववीत आहे, म्हणजे तीन वर्षांनी कॉलेजची पहिली फी भरायची, हे साधं गणित मला त्याच आठवड्यात उमगलं.

"पोर्टफोलिओ बॅलन्स करून टाकतो एकदा," मी म्हणालो.

हिने मटारची परात पुढ्यात ओढली. "किती वेळ लागेल?"

"अर्धा तास."

त्याला आता तिसरा रविवार उलटलाय. मटारचा मोसम संपत आला.

सगळ्या म्युच्युअल फंडांचं एकत्रित स्टेटमेंट मेलवर येतं. पासवर्ड म्हणजे आपला पॅन, कॅपिटल अक्षरांत. मी ते पहिल्यांदाच शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि फंड मोजले. अकरा! एवढे मी घेतले कधी?

मग एकेक आठवत गेलं. चार तर निव्वळ मार्च महिन्याची अपत्यं. ऑफिसात 80 सीचे, म्हणजे करसवलतीच्या गुंतवणुकीचे, पुरावे मागायला लागले की हाताला लागेल तो ईएलएसएस, म्हणजे कर वाचवणारा फंड, मी घ्यायचो. दर वर्षी नवा, कारण गेल्या वर्षीच्याचं नाव आठवायचं नाही. दोन फंड डोंबिवलीच्या आठ-चौदाच्या लोकलमधले. तिथे चौथ्या सीटवर अर्धं टेकलेला एक जण रोज बाजाराचा अंदाज सांगतो. त्याने 2020 मध्ये "फार्मा धर" म्हणून सांगितलं. मी धरला, आणि जग जसं बरं होत गेलं तसा माझा फंड आजारी पडत गेला. एक एनएफओ, म्हणजे नवाकोरा फंड, कारण युनिट दहा रुपयांना होतं. दुसऱ्या फंडाचं युनिट 340 ला आणि हे दहाला! मंडईत घासाघीस करत वाढलेल्या माणसाला हा मोह आवरत नाही. युनिटं कितीही मिळाली तरी वाढ शेवटी टक्क्यांतच होते, हे कळायला चार वर्षं गेली.

ही मटार सोलता सोलता स्क्रीनकडे बघत होती. "अहो, ही बँक मघाशीच वाचली ना तुम्ही?"

"तो दुसरा फंड होता."

"आणि आता ह्यात पण तीच?"

तीच होती. पुढच्यातही होती. बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीच्या 2017 च्या नियमाने बाजारमूल्यात पहिल्या 100 कंपन्या म्हणजे लार्ज कॅप, पुढच्या 150 मिड आणि 251 व्या नंबरपासून पुढे सगळी स्मॉल. आता मोठा हिस्सा पहिल्या शंभरातूनच निवडायचा म्हटल्यावर बहुतेक फंड फिरून फिरून त्याच चार-पाच मोठ्या घरी जेवायला जाणार.

"म्हणजे भाज्या अकरा," ही म्हणाली, "आणि बटाटा सगळ्यात."

मी विषय बदलला आणि उद्दिष्टांचा तक्ता काढला. हा मी 2014 मध्ये फार हौसेने केला होता. लेकीचं शिक्षण, निवृत्ती आणि युरोप. युरोपपुढे हिचं नाव आणि शेजारी छोटा बर्फाचा डोंगर. युरोप आजवर दोनदा मोडला. एकदा गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला, एकदा आईच्या ऑपरेशनला.

"माझा स्वित्झर्लंड आईंच्या गुडघ्यात आहे," ही शांतपणे म्हणाली. आतल्या खोलीतून आई म्हणाली, "डाव्या."

आता मुख्य काम. जुना ठोकताळा असा की शंभरातून वय वजा करायचं, तेवढे टक्के शेअर्समध्ये. माझं वय 47, म्हणजे 53 टक्के. प्रत्यक्षात निघाले 78! शिवाय तीन वर्षांत लागणारा पैसा शेअर बाजारात ठेवू नये, हे मीच लोकलमध्ये लोकांना सांगत असतो. आणि लेकीच्या फीचा मोठा हिस्सा होता हिच्या नावच्या स्मॉल कॅप फंडात. घरातला सगळ्यात जास्त वाढलेला फंड तोच. तो थोडा विकायचा आणि पैसे डेट फंडात, म्हणजे कर्जरोख्यांच्या फंडात, टाकायचे, असा बेत मी मांडला.

आई दारात आली. "म्हणजे चालता बैल विकून बसका घ्यायचा?"

"आई, ह्यालाच बॅलन्स म्हणतात."

"आणि त्या बसक्याला व्याज किती?"

सांगितलं. डेट फंडाला आता उत्पन्नाच्या स्लॅबप्रमाणे कर लागतो, हेही सांगावं लागलं.

"मग माझ्या एफडीने काय घोडं मारलंय?"

एफडीच्या व्याजावर दरवर्षी कर, डेट फंडात मात्र विकला तरच, असं मी समजावू लागलो. दुसऱ्या वाक्याला ती आत गेली होती.

ह्या चालत्या बैलाची कथा सांगायलाच हवी. 23 मार्च 2020 ला निफ्टी एका दिवसात सुमारे 13 टक्के पडला. रात्री बसून मी थरथरत्या हाताने घरातल्या सगळ्या एसआयपी, म्हणजे फंडांचे मासिक हप्ते, थांबवल्या. फक्त हिची थांबेना. तिच्या फंडाच्या खात्याला तिचा जुना मोबाइल नंबर होता आणि ते सिम आईच्या बटणांच्या फोनमध्ये. आई तेव्हा वाईला, फोन बंद, कारण बॅटरी संपते. पुढे टाळेबंदी लागली. आई जूनमध्ये परतली तोवर बाजार वर निघाला होता आणि मी गप्प बसलो होतो. जो एक फंड मला थांबवता आला नाही, तोच आज लेकीची फी भरणार आहे. हे मी लोकलमध्ये सांगत नाही.

विकायचं तरी एकदम नाही. वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या दीर्घकालीन नफ्यावर कर नाही, त्यापुढे साडेबारा टक्के. म्हणून अर्धं 31 मार्चच्या आत, उरलेलं एप्रिलमध्ये. त्यातही एसआयपीच्या प्रत्येक हप्त्याचं वय वेगळं. वर्ष न भरलेला हप्ता काढला तर एक टक्का एक्झिट लोड, म्हणजे लवकर बाहेर पडल्याचा दंड. ईएलएसएसचं तर विचारूच नका, तिथे प्रत्येक हप्त्याला आपापली तीन वर्षं बसावं लागतं, जणू प्रत्येकाची स्वतंत्र मुंज. मी रंगीत एक्सेल केलं. हिरवे हप्ते सुटलेले, लाल अडकलेले. लेक मागून डोकावली आणि म्हणाली, "बाबा, एवढा अभ्यास तू नववीत केला असतास तर?"

काल तिसऱ्या रविवारी अखेर आकडा ठरला. हिला शेजारी बसवून तिच्या लॉगिनने मी विक्रीचं बटण दाबलं. पडद्यावर आलं: ओटीपी पाठवला आहे. आतल्या खोलीत बटणांचा फोन टुणकन वाजला.

"आई, सहा आकडे आलेत बघ. वाच जरा."

चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. पडद्यावरचे सेकंद उतरत होते, तीस, एकोणतीस...

"आई, वाचतेस ना?"

"वाचला. खाली लिहिलंय, कोणालाही सांगू नका."

"अगं, मी आहे!"

"कोणालाही म्हणजे कोणालाही," आई म्हणाली, आणि फोनची बॅटरी संपू नये म्हणून तिने तो बंद केला.