आधी कपाट घ्या, कुलपासकट

गावातल्या गरीब पोरांसाठी खेळाचं काहीतरी करायचं तुमच्या मनात आलंय, हे ऐकून बरं वाटलं. गणपतीत गावी आल्यावर प्रत्येक चाकरमान्याच्या मनात ते येतं आणि परतीचं तिकीट कन्फर्म होईपर्यंत टिकतंसुद्धा. दिवस थोडे आहेत, म्हणून लगेच सांगतो.

पोरांना विचारायला अजिबात जाऊ नका. काहीही मागतात. वरच्या वाडीतल्या सातवीच्या एका मुलीला मंडळाच्या काकांनी हौसेनं विचारलं, "काय व्हया गो तुका?" कॅरम म्हणेल, नाहीतर बॅट म्हणेल, असा त्यांचा अंदाज. ती म्हणाली, "साडेसहाची एसटी."

आता ही काय खेळाची वस्तू झाली? पाचवी ते बारावीच्या मुलींना गावाकडे एसटीचा पास फुकट आहे, आणखी काय पाहिजे? गाडी पाचची आणि कबड्डीचा सरावही पाचचा, हा निव्वळ योगायोग. गाडी चुकली तर व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडून रानातून तासभराची चाल, आणि पावसाळ्यात व्हाळ काय असतो ते तुम्ही विसरला असाल. त्यामुळे तालुक्यात बऱ्यापैकी चढाई करू शकेल अशी ही मुलगी रोज पावणेपाचला दप्तर उचलून स्टॉपकडे पळते. तेवढाच धावण्याचा सराव!

तर गाडीच्या नादी लागू नका, वस्तू द्या. वस्तूचा फोटो निघतो. समग्र शिक्षा योजनेतून प्राथमिक शाळेला खेळाच्या साहित्यासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत मिळतात, उच्च प्राथमिकला १०,००० पर्यंत. म्हणजे फुटबॉल, रिंगा, दोरीच्या उड्यांच्या दोऱ्या शाळेत असतातच. नाही ते फक्त कपाट, म्हणून तेच द्या. दारावर आईवडिलांच्या स्मरणार्थ नाव घाला. फुटबॉल पिशवीतून काढू देऊ नका. हवा भरली की पोरं लाथ मारणार, मैदान जांभ्याचं, चार दिवसांत चेंडूची सालपटं निघणार. मग डेड स्टॉक रजिस्टर, वस्तू बाद करायचा म्हणजे निर्लेखनाचा प्रस्ताव आणि गुरुजींच्या मागे खुलासा. गुरुजी बिचारे शहाणे. चावी खिशात घालून ते मतदार याद्या तपासायला जातात.

मैदान हवंच, असं २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. त्याच कायद्यात सहावी ते आठवीच्या मुलांना शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशकही आहे, फक्त पट शंभराच्या वर हवा. आमच्या शाळेचा पट सतरा. तुम्ही सगळे बायकापोरांसह परत राहायला आलात तर जमेल. नाही ना? मग विषय संपला.

बूट मात्र चुकूनही देऊ नका. आमच्या मुली शेणानं सारवलेल्या खळ्यात अनवाणी शिकल्या. तालुक्याला गेल्यावर समोर मॅट. मॅटवर बूट लागतात. एकीनं मामेभावाचे आणले, दोन नंबर मोठे, पुढे वर्तमानपत्राचे बोळे कोंबून. पहिल्याच चढाईत बोनस रेषेवर पाय वळला आणि बुटातून कागद बाहेर आला. कागदावर क्रीडा संकुलाच्या उद्घाटनाचा फोटो होता. हार घातलेले सगळे ओळखू येत होते.

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं अंगमेहनतीची हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. कुणी हा आकडा तोंडावर मारलाच तर चैत्रातल्या विहिरीकडे बोट दाखवा. हंडे वाहणाऱ्या मुलींचा कोटा सकाळी सातलाच पुरा होतो. आंब्याच्या बागेत मांगरात राहणाऱ्या नेपाळी राखणदारांच्या मुलांची काळजी तर करूच नका. त्यातली कित्येक कुठल्याच पटावर नाहीत, म्हणून क्रीडा-अहवालात त्यांच्यासाठी रकानाही नाही.

एवढं करून पैसे उरतील. ते रात्रीच्या अंडरआर्म क्रिकेट स्पर्धेला द्या. खेळाडू तिशी-चाळिशीतले, प्रकाशझोत, डीजे, चषक माणसाच्या कमरेएवढा. मैदान चार दिवस आधीपासून बंद ठेवा, खेळपट्टी तुडवली जाते. पोरांना वगळलं असं वाटायला नको म्हणून त्यांना सीमारेषेबाहेर उभं करा. चेंडू करवंदीच्या जाळीत गेला की ती आपणहून घुसतात, हातापायांना ओरखडे काढून घेत घेऊन येतात. मानधन द्यावं लागत नाही, वडापाव पुरतो.

फक्त बक्षीस समारंभ झाल्यावर चेंडू मोजून घ्या. दोन कमी भरतील. आरडाओरडा करू नका, सकाळी ओहोटीच्या वेळेला पुळणीवर चक्कर मारा. वरच्या वाडीतली ती मुलगी तिथे गोलंदाजी करताना दिसेल. रविवारी तिला एसटी लागत नाही.