चटक, तलफ आणि चिप्सचं पाकीट

रात्री अकरा वाजता, पोटभर जेवण झालेलं असताना, ओट्यापाशी अंधारात उभं राहून मी चिप्स खाते. आवाज नको म्हणून पाकीट हळूच फाडते. तिसऱ्या मुठीनंतर चवही कळत नाही. शेवटी कोपऱ्यातला चुरा बोटाने टिपते आणि रिकामं पाकीट कचऱ्याच्या डब्यात खाली दाबते. कुणाला दिसायला नको! या दाबण्यावरूनच ‘व्यसन’ हा शब्द मला पहिल्यांदा सुचला. नुसती चटक असती तर लपवलं कशाला असतं?

‘साखर म्हणजे कोकेन’वाल्यांनी लगेच टाळ्या वाजवू नका. ते मला पटत नाही. घरात साखरेचा डबा उघडा असतो, चमच्याने साखर खात कुणी जागत नाही. साखरेचं व्यसन दाखवणाऱ्या, अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या त्या गाजलेल्या प्रयोगांतही मेख आहेच. उंदरांना रोज बारा-बारा तास उपाशी ठेवून मग साखरपाणी दिलं, तेव्हा ते तुटून पडले. ज्यांच्यासमोर ते कायम होतं, त्यांच्यात व्यसनासारखी लक्षणं दिसली नाहीत. दिवसभर कडक डाएट करून रात्री फ्रीज उघडणाऱ्यांनी काय ते ओळखावं. मी ओळखलं.

माझा संशय मिश्रणावर आहे. फळात साखर असते, बदामात फॅट असतं, पण दोन्ही भरपूर आणि एकत्र असं निसर्गात क्वचितच मिळतं. आइस्क्रीम, चॉकलेट, पिझ्झा, चिप्समध्ये साखर किंवा मैदा-बटाट्याचा स्टार्च आणि फॅट एकत्र येतात. ताबा सुटणाऱ्या पदार्थांच्या यादीत लोक हीच नावं घेतात. काकडी तळाला असते.

‘जिभेचे चोचले’ म्हणणाऱ्यांसाठी अमेरिकी संशोधक केविन हॉल यांचा 2019 चा प्रयोग. 20 माणसं, दोन आठवडे अल्ट्रा-प्रोसेस्ड, म्हणजे कारखान्यात भरपूर प्रक्रिया केलेलं जेवण, दोन आठवडे साधं. समोर ठेवलेल्या कॅलरी, साखर, फॅट, मीठ जवळपास सारखं. चवीला दोन्ही सारखीच आवडली, असं खाणाऱ्यांनीच सांगितलं. तरी पहिल्या प्रकारात रोज सुमारे 500 कॅलरी जास्त गेल्या. मग जिभेला दोष कसा द्यायचा?

मानसिक आजारांच्या अधिकृत अमेरिकी यादीत, 2013 च्या डीएसएम-5 मध्ये, खाण्याचं व्यसन नाही. नेमका कुठला घटक व्यसन लावतो ते दाखवा, हा आक्षेप रास्तच. पण जुगार आहे की त्या यादीत! त्यात कुठला घटक असतो?

आणि एक योगायोग. अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे सार्वजनिक आरोग्याबद्दल सरकारतर्फे बोलणाऱ्या मुख्य डॉक्टरांनी, सिगारेटमधलं निकोटीन व्यसन लावतं असं 1988 मध्ये जाहीर केलं, त्याच वर्षी फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने क्राफ्ट ही खाद्यकंपनी विकत घेतली. जनरल फूड्स आधीच, 1985 मध्ये, घेतली होती. यातून काही सिद्ध होत नाही, मान्य. मला मात्र हसू येत नाही.

नवरा म्हणतो, “एवढं काय, दोनच खा ना.” तो खरंच दोन खातो आणि पाकिटाला रबर लावून ठेवतो. दारूचंही तसंच, पिणारा प्रत्येक जण काही दारुडा होत नाही. मी आता संध्याकाळी नीट खाते, त्यामुळे रात्रीची तलफ कमी झालीये. गेलेली नाही. पाकीट सध्या त्याच्या कपाटात असतं, आणि कुठल्या खणात ते मी मुद्दामच विचारलेलं नाही.