फासा आता पडद्याबाहेर पडतो

प्रिय अनामिक,

कथाप्रधान रोलप्लेइंग खेळ (खेळाडू एकेक पात्र होऊन खेळतात, गोष्ट आणि बाकीची सगळी माणसं चालवणारी मी, आणि काय घडतं ते फासे ठरवतात) कसा चालवावा, या माझ्या लेखावर तुम्ही बरंच झोडपलंत. बाकीच्यांना शोधत बसावं लागू नये म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडते. कथेच्या नावाखाली मी खेळाडूंना ठरलेल्या रुळांवरून हाकते, सुगावे फुकट वाटते आणि माझ्यासमोरच्या छोट्या पडद्याआड फासे बदलते. वर टोमणा असा की, 'मग कादंबरीच लिहायची होती, माणसं कशाला बसवलीत?'

फाशांबद्दल तुमचं बरोबर आहे. लेखात मी मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं की, राक्षसाच्या हल्ल्याला वीस, म्हणजे सगळ्यात मोठा आकडा, पडला तरी मी 'नऊ, हुकला' म्हणाले आणि एकाचं पात्र वाचवलं. लेख टाकल्यानंतरच्या सत्रात तेच पात्र, सहाच हिट पॉइंट (जीव किती उरला त्याचा आकडा) उरलेले असताना, तटावरून थेट शत्रूच्या घोळक्यात उडी टाकायला निघालं. मी विचारलं, 'नक्की?' त्याचा खेळाडू खुर्चीत रेलून म्हणाला, 'टाक गं फासा, तू मला मारणार थोडीच आहेस!' त्यावर टेबलाशी कुणी हसलंसुद्धा नाही. म्हणजे सगळ्यांनाच ठाऊक होतं. मला वाटत होतं, माझी हातचलाखी कुणाला कळलेली नाही. त्या उडीत जो काही दम होता तो मीच आदल्या खेपेला काढून घेतला होता.

आता फासा सगळ्यांसमोर टाकते. पात्र मरावं असं वाटत नसेल तर ते फासा हातात घेण्याआधीच बोलते: 'चुकलास तर मरणार नाहीस, पण जिवंत पकडला जाशील. चालेल?' एकदा फासा पडला की घासाघीस नाही.

सुगाव्यांचं मात्र अजिबात पटलं नाही. पात्राचं शोधण्याचं कौशल्य ४० टक्के धरा, म्हणजे १०० पैकी ४० वेळा यश. एकट्यानं शोधलं तर १०० पैकी ६० वेळा हाती काही लागत नाही. चौघांनी मिळून शोधलं तरी साधारण १३ वेळा चौघंही चुकतात. गोष्ट पुढे सरकायला लागणारं पत्र त्याच कपाटात असेल, तर त्या १३ वेळा आम्ही नुसते एकमेकांची तोंडं बघत बसणार. म्हणून पत्र मिळतंच. फासा टाकायचा तो पत्र काढताना पहारेकऱ्याला चाहूल लागते का, यासाठी. २०१० च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या रोलप्लेइंग खेळात हे सुरेख बसवलंय: दोन फाशांची बेरीज ७ ते ९ आली तर काम होतं, पण काहीतरी मोजून. बेरजेत मिळवायला कुठलाही बोनस नसेल तर हे ३६ पैकी १५ वेळा घडतं. माझ्या मते खेळातली खरी मजा त्या पंधरांत आहे.

राहिले रूळ. तुम्ही लिहिलंत की, 'मूळ खेळात असली नाटकं नव्हती.' तो मूळ खेळ, १९७४ चा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', टेबलावर सैन्यं लढवायच्या युद्धखेळांतून निघाला हे खरंच. पण त्याच्याही आधी, १९६९ मध्ये, डेव्हिड वेस्ली यांनी 'ब्राउनस्टाइन' नावाचा खेळ मांडला होता. नेपोलियनच्या काळातलं एक गाव, आणि प्रत्येक खेळाडूला गावातली एकेक भूमिका, तिचा स्वतःचा हेतू. सैन्यं समोरासमोर येण्याआधीच खेळाडूंनी आपापसात इतकी कारस्थानं केली की वेस्लींना वाटलं, खेळ पार फसला. खेळाडू मात्र म्हणाले, पुन्हा कधी? त्यात डेव्ह आर्नसन होते, पुढे गॅरी गायगॅक्स यांच्याबरोबर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' करणारे. तेव्हा नाटकं मुळातच होती.

मी तयारी करते ती त्याच वळणाची. माझ्या वहीत प्रसंग नसतात, माणसं असतात: याला काय हवंय, आणि कुणी आडवं आलं नाही तर तो काय करेल. सध्याच्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक सत्रं चालणाऱ्या गोष्टीत, एका शहराला वेढा पडलाय आणि आतला किल्लेदार चोरून धान्य विकतोय. माझी खात्री होती, खेळाडू त्याला उघडा पाडणार. त्या भरात चार पानं भरून दरबार, साक्षीदार, आरोप लिहून ठेवले. (वहीत प्रसंग नसतात म्हणते, पण सवय जात नाही.) पोरं किल्लेदाराकडे गेली आणि त्याच्या धंद्यात भागीदार झाली! चार पानं गेली कचऱ्यात. मी त्यांना दरबारात ओढलं असतं तर तुमचा आक्षेप शंभर टक्के खरा ठरला असता. त्याऐवजी वहीतल्या सहा घरांच्या वर्तुळातलं आणखी एक घर काळं केलं. सहाही भरली की शहरातलं धान्य संपणार. चार भरलीत. भागीदारांना अजून कल्पना नाही, किंवा असेलही.

'मग पडदा तरी हवाच कशाला?' असं तुम्ही शेवटी विचारलंय. पडदा आहे अजून. त्याच्यामागे ती वही असते.