लाल ठिपके म्हणजे परत आलेली स्मृती नव्हे

वडोदऱ्यात कमाटीबागेत फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांच्या ग्रुपवर मेंदूची दोन चित्रं फिरताहेत. एक काळपट, दुसरं लाल ठिपक्यांनी भरलेलं. खाली लिहिलंय: ‘अ‍ॅक्युपंक्चरने म्हातारा मेंदू जागा होतो. पायाच्या करंगळीला टोचलं की डोळ्यांचं केंद्र पेटतं, एमआरआयने सिद्ध. विसराळूपणाच्या गोळ्या बंद करा.’

करंगळीचं आधी घेते. तो निष्कर्ष १९९८ साली अमेरिकेतल्या नामांकित विज्ञानपत्रिकेत खरंच छापून आला होता. २००६ मध्ये मुख्य लेखकाने काही सहलेखकांसह तो मागे घेतला. मेसेजमध्ये एवढंच गाळलंय.

आता लाल ठिपके. फंक्शनल एमआरआयला पेशींचं काम थेट दिसत नाही. रक्तातल्या ऑक्सिजनचा फरक टिपला जातो, आकडेमोड होते आणि मग रंग भरला जातो. सुई टोचली की दुखतं, लक्ष तिकडे जातं, श्वास बदलतो. हे सगळं चित्रात उतरतं. शिवाय कित्येक अभ्यासांत सुईमुळे अमिग्डाला (भावनांशी निगडित) आणि हिप्पोकॅम्पस (स्मृतीशी निगडित) या मेंदूच्या भागांतली हालचाल उलट कमी झालेली दिसली. मग लाल म्हणजे चांगलं, हे आलं कुठून?

निरोगी आजोबा आणि अल्झायमर झालेल्या आजी यांची चित्रं शेजारी ठेवणं तर त्याहून फसवं. वय, रक्तदाब, मधुमेह यांनी रक्तवाहिन्या बदलतात, त्यामुळे सुईविनाही चित्रं वेगळी येतात. खरी परीक्षा घ्यायची तर निम्म्या लोकांना कातडीत न शिरता स्वतःच्याच दांड्यात मागे सरकणारी खोटी सुई लावायची, कोणाला कोणती ते त्यांना कळू द्यायचं नाही आणि काही महिन्यांनी स्मरणशक्ती तपासायची.

जुनाट गुडघेदुखीत काहींना सुयांनी आराम पडतो, त्याला माझी हरकत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेवढं सुया टोचणाऱ्याला आधी सांगा.

पण ‘गोळ्या बंद करा’ हे वाचून माझा जीव खालीवर होतो. डोनेपेझिल या विसराळूपणावरच्या गोळीने अल्झायमर बरा होत नाही, काहींना लक्षणांत थोडी मदत होते. पण ती परस्पर थांबवली तर माणूस ढासळू शकतो. आमच्या दांडिया बाजारातल्या आत्या नातवाचं नाव विसरू लागल्या, तेव्हा घरच्यांनी आधी सुयाच सुरू केल्या. बी-१२ जीवनसत्त्व तपासलं ते कितीतरी उशिरा, आणि फारच कमी निघालं. शुद्ध शाकाहारी घर, त्यात वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी, जिच्यानेही बी-१२ घटतं. घरात कोणी विसरू लागलं तर बी-१२, थायरॉइड, ऐकू येणं, उदासी आणि झोपेच्या गोळ्या, एवढं डॉक्टरांकडून आधी तपासून घ्या. यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे.